मोहारासच्या विमानतळावरची अदेल्फा

मोहारासला विमान उतरायचं असलं की आधी गाई हाकलाव्या लागत. समुद्राकाठची ती गवताची धावपट्टी केळीच्या कंपनीनं आपल्या गोऱ्या साहेबांसाठी केलेली. केळीला रोग पडला, कंपनीनं गाशा गुंडाळला, आणि मागे राहिली ती पट्टी, एक पत्र्याची शेड आणि लिसांद्रो साहेब. तिकीट तेच फाडत, वाऱ्याची कापडी पिशवी कुठे तोंड करून फुगलीय ते तेच बघत, आणि केळीचे घड तोलायच्या काट्यावर माणसांना उभं करून वजनही तेच घेत. एखादी जाडजूड बाई काट्यावर चढली की ते मान फिरवून म्हणत, "मावशी, मी आकडा वाचत नाही, फक्त पायलटच्या कानात सांगतो."

अदेल्फा तेव्हा कोवळी पोर होती. बाप नव्हता, आई नारळाच्या चार झाडांवर आणि दुसऱ्यांच्या धुण्यावर घर चालवायची. रविवारी चर्चमध्ये अदेल्फा बायबलातला उतारा वाचायची. लिसांद्रो साहेब शेवटच्या बाकावर पेंगत बसायचे, ते एका रविवारी तिच्या आवाजानं दचकून जागे झाले. बाहेर पडताना तिच्या आईला म्हणाले, "या पोरीचा आवाज नदीपलीकडे जातो. माझा घसा बसलाय ओरडून ओरडून. उद्यापासून पाठवा हिला."

अशी अदेल्फा विमानतळावर लागली. भोंगा नव्हता की माइक नव्हता. ती शेडमधल्या बाकावर उभी राहायची आणि राजधानीच्या विमानाची हाक द्यायची. आंब्याखाली डुलक्या काढणारे प्रवासी, कोंबड्यांच्या टोपल्या घेतलेल्या बायका, सगळे उठून चालायला लागत. शेडच्या दाराशी चेपा नावाची तिची मैत्रीण बालेआदा विकायची, म्हणजे मैद्याची गरम पोळी, आत घोटलेला तांबडा घेवडा आणि वर किसलेलं चीज. ती म्हणायची, "तू ओरडलीस की माझं गिऱ्हाईक अर्धी पोळी तोंडात धरून पळतं गं. जरा हळू बोलाव की त्या विमानाला!"

रेनेरिओ तिथेच भेटला. इंधनाची पिंपं लोळवत न्यायची, चाकं लावलेली शिडी विमानाला टेकवायची, विमान येण्याआधी गाईंमागे धावायचं, ही त्याची कामं. उंच, दातात काडी धरून हसणारा. त्यानं तिला मागणी घातली तीही सगळ्यांच्या देखत: "अदे, एवढ्या लोकांना हाका मारतेस, एकदा मला मार ना." ती लाजली नाही. बाकावर उभी राहून तिनं त्याचं पूर्ण नाव पुकारलं, आणि शेडमधल्या लोकांनी टाळ्या पिटल्या. लग्नानंतर वर्षभरात नोएमी झाली. ते दिवस बरे होते. वाईट दिवसांत माणसाला नेमके हेच आठवतात आणि त्यांचाच जास्त राग येतो.

मग ते वादळ आलं. नदी पात्र सोडून गावात शिरली आणि कित्येक दिवस गेलीच नाही. सगळ्या मोहारासमध्ये कोरडी जागा एकच उरली, धावपट्टी. लोक ताडपत्र्या ताणून पट्टीवरच राहिले. मधली वाट मोकळी ठेवली मदतीच्या विमानांसाठी. कुणीतरी लिसांद्रो साहेबांना एक कर्णा आणून दिला. तो तोंडाला लावून अदेल्फा हरवलेल्यांची नावं पुकारायची. कधी कोपऱ्यातून उत्तर यायचं, "इथे आहे! इथे!" आणि माणसं एकमेकांच्या गळ्यात पडायची. बहुतेक वेळा यायचं नाही. एका म्हाताऱ्यानं आपल्या बायकोचं नाव रोज पुकारायला लावलं. अदेल्फाला ठाऊक होतं, बाई सापडली होती आणि पुरलीही होती. म्हाताऱ्यालाही ठाऊक होतं. तरी तो रोज येऊन म्हणायचा, "ताई, आज जरा मोठ्यानं."

त्या वेळी राजधानीतले पुढारी विमानातून उतरून चिखल बघून गेले, आणि एकानं पट्टीवर उभं राहून शब्द दिला: मोहारासला आंतरराष्ट्रीय विमानतळ होणार. पर्यटक येतील, घरटी एकाला नोकरी मिळेल, केळीच्या कंपनीनं दिलं नाही ते सगळं मिळेल. भुकेल्या माणसाला स्वयंपाकाचा वास पुरतो. लोकांनी जमिनी दिल्या. पट्टी वाढवायची होती, ती वाढत वाढत अदेल्फाच्या आईच्या नारळांवर आली. यंत्रानं झाडं पाडली त्या दिवशी म्हातारी तिथे जाऊन उभी राहिली. तिला गावाबाहेर सिमेंटची एक खोली मिळाली. खोलीत ती म्हणायची, "इथे वारा कुठून येतो तेच कळत नाही मला." पुढच्या पावसाळ्याआधी ती गेली.

इमारत मात्र झाली, आणि काय झाली! काचेच्या भिंती, चकचकीत फरशी, सामानाचा फिरता पट्टा. आगीचा लाल बंब आला. त्याच्याशिवाय आता कुठलंच विमान उतरू देत नाहीत म्हणे. धावपट्टीला दिवे लावायचे राहून गेले, त्यामुळे सूर्य मावळला की विमानतळ मिटायचा. पण दर्शनी भागावर पाटी होती, 'मोहारास आंतरराष्ट्रीय', आणि अक्षरं रस्त्यावरून दिसत. चेपाला दाराशी बसायला बंदी झाली. ती कुंपणाबाहेर गेली, आणि आत एक दुकान आलं. तिथली कॉफी गावात कुणाला परवडायची नाही.

अदेल्फाला वरच्या मजल्यावर काचेची खोली आणि खराखुरा माइक मिळाला. इंग्रजी घोषणा तिनं घोकून पाठ केली. अर्थ कळत नव्हता, पण तिच्या तोंडून ती अशी यायची की उद्घाटनाला आलेल्या बाईंनी विचारलं, "तुम्ही परदेशात होता का?"

"मी नदीपलीकडेसुद्धा फारशी गेले नाही, बाई," अदेल्फा म्हणाली.

उत्तरेकडच्या श्रीमंत देशाला जाणाऱ्या पहिल्या विमानात परदेशी विमान कंपनीनं कर्मचाऱ्यांसाठी काही जागा ठेवल्या होत्या. फोटोसाठी पर्यटकांइतकेच गावकरीही दिसावेत, असा हिशेब. रेनेरिओला व्हिसा मिळाला. "जाऊन येतो," तो म्हणाला. "माझ्या मामेभावाकडे पंधरवडा राहतो. शिडी लावणाऱ्यानं एकदा तरी शिडी चढून बघायला नको?" अदेल्फानं त्याचा सदरा इस्त्री केला. नोएमी त्याच्या पायाला मिठी मारून बसली होती, तिला तिनंच सोडवून घेतलं. मग ती वर गेली आणि तिनं स्वतःच्या आवाजात, दोन्ही भाषांत, त्या विमानाची घोषणा केली. शिडीच्या टोकाला जाऊन रेनेरिओनं वर काचेकडे पाहिलं आणि हात हलवला. सगळे टाळ्या वाजवत होते.

पंधरवडा झाला, महिना झाला. छपरं घालायचं काम मिळालंय, एवढा मोसम करून येतो म्हणाला. आधी दर रविवारी फोन, मग सणावारी, मग नाही. शेवटी, कितीतरी वर्षांनी, तिकडून आलेल्या कुणीतरी सांगितलं की रेनेरिओ एका मेक्सिकन बाईबरोबर राहतो, ग्रासिएला तिचं नाव, आणि दोन लहान मुलं आहेत. अदेल्फानं ते ऐकलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. तिनं शेवटच्या खड्यापर्यंत तो निवडला.

गाव गप्प बसलं नाही. पाणवठ्यावर एक बाई दुसरीला मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणाली, "बायका नवऱ्याला धरून ठेवतात. हिनं माइकवरून हाक मारून घालवला!"

चेपानं त्या बाईच्या बादलीला लाथ घातली. अदेल्फा मात्र घरी येऊन विचार करत बसली, की बाई खोटं काय बोलली?

विमान कंपनीनं दोनच मोसम काढले होते. पर्यटक आले नाहीत. आले ते समुद्रात गटाराचं पाणी बघून परत गेले. एक दिवस कंपनीची माणसं आपल्या खुर्च्यासुद्धा उचलून निघून गेली. सामानाचा पट्टा बंद पडला, त्यावर झाडूवाल्या बायका फडकी वाळत घालायच्या. राजधानीचं छोटं विमान तेवढं यायचं, तेही बंब नादुरुस्त नसेल तर. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. लिसांद्रो साहेब निवृत्त होताना पाटीकडे बघून म्हणाले, "अदेल्फा, गाई होत्या तेव्हा निदान दूध तरी मिळायचं."

परदेशी विमानं पुन्हा सुरू झाली ती अशी. उत्तरेत कागदांशिवाय पकडलेली आपली माणसं परत पाठवायची होती, त्यांना उतरवायला राजधानीत गर्दी नको होती. मोहारासची लांब पट्टी रिकामीच पडलेली. पांढरं, नाव नसलेलं विमान यायला लागलं. दार उघडायच्या आत माणसांच्या बेड्या काढत. मग ती एकेक करून शिडीनं उतरत, बुटांना नाड्या नाहीत, कमरेला पट्टा नाही, एका हातानं विजार सावरत. पर्यटकांसाठी बांधलेल्या दालनात त्यांना बसवत आणि प्रत्येकाला त्याच्या नाड्यांची पिशवी देत. सगळेजण मान खाली घालून एकदमच नाड्या ओवायला लागायचे.

त्यांच्यासाठीही घोषणा होती. राजधानीतून लिहून आली होती: 'मायदेशी आपलं स्वागत आहे. आपण आपल्या माणसांत परत आला आहात.' पहिल्याच दिवशी खालून कुणीतरी ओरडलं, "गप बस गं, भवाने!" आणि सगळं दालन हसलं. अदेल्फा नव्या व्यवस्थापक बाईंकडे गेली. त्या वयानं नोएमीपेक्षा थोड्याच मोठ्या असतील.

"बाई, ते वाक्य गाळू या का? नुसतं दार कुठे, पाणी कुठे, एवढंच सांगते."

"का? चांगलं वाक्य आहे."

"त्यांना लागतं ते."

"अदेल्फाताई, ते वरून मंजूर होऊन आलंय. तुम्ही फक्त वाचा."

ती वाचत राहिली. नोएमी आता मोठी झाली होती. दहावीनंतर शिक्षण थांबलं, आणि विमानतळावर नोकरी द्या म्हणून अर्ज करून करून थकल्यावर ती चेपाच्या टपरीवर पोळ्या लाटायला लागली. आवाज आईसारखाच, खडा. बापाबद्दल ती कधी विचारायची नाही, आणि अदेल्फाला वाटायचं, पोरगी विसरली.

रेनेरिओ आला तो भर सकाळी. अदेल्फानं माइक सुरू केला होता, पहिलं वाक्य अर्ध्यावर होतं, तेव्हा शिडीवर तो दिसला. केस पिकलेले, गाल बसलेले, एक पाय ओढत चाललेला. तिनं त्याला चालीवरून नव्हे, हातावरून ओळखलं. खाली उतरून त्यानं सवयीनं शिडीच्या दांड्यावर थोपटलं, पूर्वी विमान निघताना थोपटायचा तसं. अदेल्फा थांबली नाही. 'आपण आपल्या माणसांत परत आला आहात', हे वाक्य तिनं शेवटपर्यंत, स्पष्ट, एकही शब्द न गिळता म्हटलं. मग माइक बंद केला आणि तळव्यांनी खुर्ची घट्ट धरून बसून राहिली.

खाली उतरावंच लागलं. दालन रिकामं होत आलं होतं. रेनेरिओ नाड्यांची पिशवी मांडीवर घेऊन तसाच बसला होता.

"अदे," तो म्हणाला.

"ताई म्हणायचं. इथे सगळे ताई म्हणतात."

त्यानं मान हलवली. "आवाज तसाच आहे तुझा. मला वाटलं, तू कधीच सोडलं असशील."

"कुठे जाणार होते? घरी पोर होती."

"भावाकडे जाईन म्हणतो."

"तुझा भाऊ वारला. त्याचं घर तू गेल्यावरच्या पुरात नदीनं नेलं. एवढंही माहीत नाही तुला?"

सिग्नलपाशी पोलिसांनी गाडी अडवली, कागद नव्हते, बायकोला निरोपही देता आला नाही, असं काहीतरी तो पुटपुटला. 'बायकोला' म्हणाला आणि जीभ चावली. अदेल्फा उठली. "दार त्या बाजूला आहे. पाणी दाराशी," ती म्हणाली आणि परत वर गेली.

संध्याकाळी ती घरी आली तर रेनेरिओ तिच्या टेबलापाशी बसून जेवत होता. तळलेली केळी, घेवडा, भात. समोर नोएमी.

"याला कुणी आणलं?"

"मी," नोएमी म्हणाली. "कुंपणापाशी बसला होता. चेपामावशीनं सांगितलं कोण ते."

"एकवीस वर्षं कुठे होता विचारलंस?"

"विचारलं. त्यानं सांगितलं. तू कधी काही सांगितलंस का मला?"

"काय सांगायचं होतं? बाप पळून गेला म्हणून?"

"तो पाय बघ आई. मधुमेह आहे. जखम भरत नाहीये. कुत्र्यालासुद्धा आपण असं बाहेर ठेवत नाही."

"कुत्रं परत येतं!" अदेल्फा ओरडली, आणि तिचा आवाज असा की शेजारच्या दोन घरांतल्या खिडक्या उघडल्या. रेनेरिओ घास हातात धरून खाली बघत राहिला. त्यानं तो टाकलाही नाही आणि खाल्लाही नाही. शेवटी अदेल्फानंच मागल्या पडवीत एक खाट टाकली. रात्र पडत होती आणि तिच्यात भांडायचं त्राण नव्हतं.

आठवड्यासाठी म्हणून टाकलेली खाट हलली नाही. नोएमी त्याची जखम धुवायची. तो तिला तिकडच्या गोष्टी सांगायचा: उन्हाळ्यात छपरावर डांबर कसं वितळतं, बर्फ पडला की रस्ता कसा मुका होतो. त्याला इंग्रजी येत होतं, पाठ केलेलं नव्हे, खरं. तो ते तिला शिकवू लागला. बाप-लेक हसायची. अदेल्फा चुलीपाशी उभी राहून ते हसू ऐकायची. पोर वाढवली हिनं, आणि हसवायला आला तो. फोनवर नोएमीनं आपल्या सावत्र भावंडांशी ओळख करून घेतली, मग ग्रासिएलाशीही. ग्रासिएला तिला 'बेटा' म्हणायची.

मग एका दुपारी नोएमीनं सांगितलं, "आई, मी जातेय."

अदेल्फाला न विचारता कळलं कुठे. "कशी? विमानानं?" तिच्या तोंडून कडवट हसू निघालं. "आपल्या गावाचा आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे."

"बसनं. मग पायी. मग बाबांनी सांगितलेल्या माणसाबरोबर."

"बाबांनी सांगितलेल्या."

ती पडवीत गेली. रेनेरिओ जखमेवरच्या माशा वारत बसला होता.

"माझ्याकडे एवढं एकच होतं," ती म्हणाली. "तेही तू बाहेर काढलंस."

"मी जा म्हणालो नाही. तिनं विचारलं, मी वाट सांगितली."

"का सांगितलीस? हे बघ, स्वतःकडे बघ! काय मिळालं तुला तिथे?"

रेनेरिओनं माशा वारणं थांबवलं. मग म्हणाला, "आणि इथे तिला काय आहे, अदे? तू सांग. तू म्हणालीस तर मी तिला अडवतो. काय सांगू तिला, कशासाठी राहा?"

अदेल्फा उत्तर शोधत राहिली. अंगणात कोंबडी माती उकरत होती. कुंपणापलीकडून राजधानीच्या विमानाची घरघर आली आणि गेली. सापडलं काहीच नाही, आणि हे तिला त्याला माफ करण्याहूनही जड गेलं.

नोएमी दुपारच्या बसनं गेली. बस विमानतळाच्या फाटकासमोरूनच सुटते. चेपानं पोळ्या बांधून दिल्या. अदेल्फानं मुलीला छातीशी धरलं, पण राहा म्हणाली नाही, आणि जा असंही तिला म्हणवलं नाही. पुढे महिनाभर पांढरं विमान उतरलं की ती काचेला नाक लावून बायकांचे चेहरे बघायची. नोएमी त्यात नव्हती. एके दिवशी तिचा फोन आला तो ग्रासिएलाच्या घरातून. पोहोचली होती. ग्रासिएला इस्पितळात साफसफाईला जायची, नोएमी मुलांना सांभाळायची.

त्याच सुमारास राजधानीत कुणा मुलीच्या आवाजात सगळ्या घोषणा नोंदवून आणल्या. व्यवस्थापक बाई म्हणाल्या, "आता तुम्हाला आराम, ताई." अदेल्फाला खालच्या दालनात काम दिलं, पिशव्या वाटायचं. नव्या आवाजातही ते वाक्य होतंच. ते लागलं की अदेल्फा मान खाली घालून नाड्या वेगळ्या करायची.

रेनेरिओचा पाय काळा पडला. नोएमी नव्हती, जखम धुवायला घरात दुसरं कुणी नव्हतं. अदेल्फानं धुतली. रागानं धुतली, पण धुतली. इस्पितळात नेलं तेव्हा उशीर झाला होता. शेवटच्या दिवसांत तो तापात बडबडायचा, कधी ग्रासिएलाला हाक मारायचा, कधी गाई हाकलायचा. अदेल्फाचं नाव एकदाही आलं नाही. तिनं कान देऊन ऐकलं होतं, हे तिनं फक्त चेपाला सांगितलं.

दफनाला मोजकीच माणसं होती. उत्तरेतून कुणी येणं शक्य नव्हतं. इकडे आलं की परत जायचं दार बंद. म्हणून नोएमीनं फोनवर सांगितलं, "आई, आम्हाला दाखव." अदेल्फा कबरीपाशी फोन वर धरून उभी राहिली. पडद्यावर एक लहानसं स्वयंपाकघर दिसत होतं. दोन पोरं नव्या सदऱ्यांत गप्प बसलेली. मधे एक जाडसर, थकलेली बाई, हीच ग्रासिएला. आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून नोएमी रडत होती. ग्रासिएला तिच्या केसांतून हात फिरवत होती, आईनं फिरवावा तसा.

पाद्री प्रार्थना म्हणू लागला. खड्डेवाल्यांनी दोर सोडायला घेतले. फोनमधून ग्रासिएलाचा बारीक, भिजलेला आवाज आला, "ताई, जरा डावीकडे धरता का? मुलांना दिसत नाहीये."

अदेल्फाचा हात अवघडला होता. तिनं तो दुसऱ्या हातानं पेलला आणि फोन डावीकडे धरला.